अब्बांच्या ॲम्प्लिफायरचे खरे वर्णन

घरात गाणी ऐकायला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या पेटत्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर चांगला की ट्रान्झिस्टरचा? हा प्रश्न मला लोक नेहमी विचारतात, कारण मी रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या अजमत मिस्त्रींची मुलगी आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. मला उत्तर देता येत नाही. महिन्यापूर्वीपर्यंत देता येत होते आणि मी ते मोठ्या आवाजात देत होते. आता का देता येत नाही ते पुढे येईल, कारण ते माझ्या मालमत्तेच्या वर्णनाचाच भाग आहे.

मी अफ्रीन अजमत शेख, वय सत्तावीस, अविवाहित, काम शिकवण्या घेणे व दुरुस्ती, राहणार अंबड, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, भर दिवसा लिहीत आहे. मला आजार नाही. मी कोणाच्या धाकाखाली नाही. मी हे लिहावे म्हणून कोणी जबरदस्ती केलेली नाही. लिहू नये म्हणून मात्र भरपूर झाली, तिचीही नोंद इथे असावी. यापूर्वी निळ्या शाईत लिहिलेला मसुदा मी फाडला आहे. त्याचे तुकडे कोणी जोडून आणल्यास ते धरू नयेत.

घरात आम्ही दखनी बोलतो. मृत्युपत्र मराठीत आहे म्हणून घरातली बोलणी मी मराठीत उतरवली आहेत. अम्मीची तेवढी तशीच ठेवली, कारण मराठीत आणली की ती रागावलेली वाटत नाही.

कलम एक. सत्ताविसाव्या वर्षी हे लिहिण्याचे कारण.

अब्बा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी काहीही लिहून ठेवले नव्हते. चाळिसावा दिवस व्हायच्या आत त्यांचे धाकटे भाऊ अबुबकर चाचा दुकानात आले आणि सुट्या व्हॉल्व्हचे खोके उचलून घेऊन गेले. "भाईजान मला बोलले व्हते," म्हणाले. भाईजान काय बोलले होते ते भाईजानना विचारायची सोय उरलेली नव्हती. ज्याच्याकडे मागे ठेवायला साधी पक्कड असेल त्यानेही ती कोणाची ते लिहून ठेवावे, असे मी त्याच दिवशी ठरवले.

चाचांचा धंदा असा: टेंभुर्णी, हसनाबाद, भोकरदन या बाजूच्या गावांत फिरून जुने रेडिओ आणि ॲम्प्लिफायर गोळा करायचे, रॉकेलने पुसायचे आणि शहरातल्या शौकिनांना विकायचे. प्रत्येक वस्तूबरोबर एक हकीकत फुकट मिळते. एकच रेडिओ त्यांनी तीन गिऱ्हाइकांना तीन वेगवेगळ्या नवाबांच्या हवेलीतून आणलेला सांगितला आहे.

मी मृत्युपत्र लिहिणार हे कळल्यावर चाचा म्हणाले, "मरायची एवढी जल्दी हाय का पोरी? आधी लगीन तर कर!" अम्मी म्हणाली, "ऐसी बातां घर में नक्को कर." माझा मोठा भाऊ अतिक जेवत होता. त्याने मान वर न करता विचारले, "मला काय ठेवलंय?"

कलम दोन. घर.

घर अब्बांचे, खाली दुकान आणि वर राहणे. कायद्याने त्यात अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात अतिकचे दोन भाग आणि माझा एक. या वाटणीबद्दलचे माझे मत मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून घरात ऐकवत आले आहे. इथे पुन्हा लिहून कागद वाढवत नाही. माझा भाग कायद्याने ज्याला जाईल त्याला जावा. पोस्टातल्या बचतीचेही तेच.

कलम तीन. मला किती देता येते.

आमच्यात मृत्युपत्राने मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येते, आणि जो मुळात वारस आहे त्याला बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय वेगळे काही देता येत नाही. म्हणून खालच्या वस्तू वारस नसलेल्यांना दिल्या आहेत. हे मी वकिलांना विचारून घेतले. ते म्हणाले, "तुमच्या एकूण चीजवस्तू पाहता मर्यादेची फार काळजी करू नका." सल्ला बरोबर होता. हसायची गरज नव्हती.

कलम चार. हत्यारे आणि पुस्तके.

माझा मल्टिमीटर, दोन्ही सोल्डरिंग आयर्न, स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि सगळी पुस्तके माझी मैत्रीण साधना गाढे हिला द्यावीत. ती टेंभुर्णीच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि कॉलेजात माझ्या शेजारी बसून माझी प्रयोगवही उतरवत असे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझे पदवीचे प्रमाणपत्र चौकटीसह कुठेही टांगू नये. अम्मीने ते दाराच्या वर लावले आहे आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला मान वर करायला लावते. चौकट कामाची आहे, तिच्यात दुसरे काहीतरी लावावे.

अबुबकर चाचांना मी व्हॉल्व्हचे रिकामे खोके देते. भरलेले त्यांच्याकडे आहेच.

कलम पाच. माझा स्वतःचा ॲम्प्लिफायर, आणि शौकिनांविषयी.

हा मी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात केला. ट्रान्झिस्टरचा, पत्र्याच्या साध्या डब्यात. बटण दाबले की वाजतो. दिसायला टिफिनसारखा आहे. तो साधनाच्या शाळेला द्यावा.

आता शौकीन. जालना जिल्ह्यात घरी गाणी ऐकणाऱ्यांचे दोन पंथ आहेत आणि दोन्ही पंथांनी मला लहानपणापासून छळले आहे. एक व्हॉल्व्हवाले. यांच्या मते काचेच्या नळीतून आलेल्या आवाजाला ऊब असते, जीव असतो. यांचे प्रमुख म्हणजे जालन्याचे बियाण्यांचे व्यापारी राधेश्याम शेठ. त्यांच्या बंगल्यात गाणी ऐकायची वेगळी खोली आहे, भिंतींना मखमल लावलेली. ते म्हणतात, "ट्रान्झिस्टर म्हणजे फ्रिजमधलं जेवण, आणि व्हॉल्व्ह म्हणजे चुलीवरची भाकर." शेठ चुलीवरची भाकर जिथे खातात त्या ढाब्याला एसी आहे.

दुसरे ट्रान्झिस्टरवाले. हे ऐकत नाहीत, आकडे वाचतात. किती वॅट, किती टक्के खरखर. त्यांच्यातली एक उपजात म्हणजे माझा भाऊ. अतिकचा लग्नावरातींचा साउंड आहे. त्याच्या मते चांगला ॲम्प्लिफायर तोच, ज्याने समोरच्या घरातली ताटे मांडणीवरून खाली येतात.

मी या दोघांच्या वरची होते, असे मला वाटत असे. दोन वर्षांपूर्वी मी घरात परीक्षा घेतली. एका बाजूला माझा टिफिन, दुसऱ्या बाजूला अब्बांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, ज्याचे नाव अंबडपासून भोकरदनपर्यंत लोक घेतात. मध्ये चादर. आवाज मीटरने मोजून सारखा केलेला. दोन्ही आधीपासून चालू. अम्मी चादरीमागे बसून मनाला येईल तसे बटण फिरवणार आणि आम्ही ओळखायचे. कव्वालीची एकच कॅसेट, वीस वेळा. मी अकरा बरोबर ओळखले, अतिकने नऊ. म्हणजे दोघांनीही अंदाज मारले.

शेठ त्या दिवशी चाचांबरोबर अब्बांचा ॲम्प्लिफायर ऐकायला आले होते. त्यांनाही मी बसा म्हणाले. ते म्हणाले, "बेटा, देवळात जाऊन देवाकडं आधार कार्ड मागशील का?" मग चादर काढायला लावून, पेटलेले व्हॉल्व्ह समोर ठेवून त्यांनी एक ठुमरी ऐकली आणि डोळे पुसले. मी वहीत लिहिले: "निष्कर्ष: फरक यंत्रात नाही, ऐकणाऱ्याच्या अहंकारात आहे." हे वाक्य मी पुढे दोन वर्षे, कोणी विचारो न विचारो, सगळ्यांना ऐकवले.

ही वही राधेश्याम शेठना द्यावी. ती का निकामी आहे ते खालच्या कलमात आहे.

कलम सहा. अब्बांचा ॲम्प्लिफायर.

अब्बांनी हा मला तोंडी दिला होता, अम्मी आणि अतिकसमोर, मी पदवीधर झाले त्या दिवशी. त्याबद्दल वाद नाही. वाद सुरू झाला तो चाचांनी गेल्या दिवाळीत राधेश्याम शेठना "आणून देतो" असा शब्द दिला तेव्हा. अम्मीला त्यांनी समजावले की मुलगी उद्या सासरी जाईल, वस्तू परक्या घरी जाईल, त्यापेक्षा शेठच्या मखमलीत राहिली तर अजमतचे नाव राहील. अतिक काही बोलला नाही. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

म्हणून मी मृत्युपत्र लिहायला घेतले आणि त्यात या वस्तूचे वर्णन लिहायला बसले. वर्णन डोळ्यांनी पाहून करावे, असे माझे मत आहे. अब्बांनी तो मला कधीही उघडू दिला नव्हता. "आत साडेतीनशे व्होल्ट आहेत. माणूस चिकटला की सुटत नाही." मी वीज शिकलेली मुलगी, पण अब्बांच्या त्या सांगण्यामुळे इतकी वर्षे त्याचा तळाचा पत्रा काढला नव्हता. डिसेंबरात काढला. रबरी चपला घातल्या. वीज छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे ठेवला, अब्बांनी शिकवले होते तसा. मीटरचा काटा पाहिला. साडेतीनशेच्या जागी पस्तीस व्होल्ट.

वर्णन पुढीलप्रमाणे. पोलादी बैठक. वर चार मोठे व्हॉल्व्ह, पुढे तीन लहान, सगळे चांगले पेटणारे. दोन जड ट्रान्सफॉर्मर. खाली: व्हॉल्व्हना फक्त पेटण्यापुरती वीज जोडलेली, बाकीच्या सगळ्या तारा तोडून, टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. आवाजाशी व्हॉल्व्हचा काहीही संबंध नाही. एका कोपऱ्यात सर्किटची हिरवी पट्टी आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर बसवलेले दोन ट्रान्झिस्टर. आवाज तिथून येतो. सोल्डरचे सांधे जाड, गोळ्यागोळ्यांचे, एक-दोन करपलेले. दुसरा ट्रान्सफॉर्मर फक्त वजनाला.

आणि एक रिले. रिले म्हणजे उशिरा लागणारे बटण. खऱ्या व्हॉल्व्हला तापायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यानंतर आवाज येतो. ट्रान्झिस्टर लगेच बोलतो. हा रिले आवाज अर्धा मिनिट दाबून धरत होता. दिवे मी माफ केले असते. दिवे शोभेचे म्हणता येतात. रिलेला शोभा नसते. तो फक्त खोटे बोलण्यासाठी बसवलेला होता.

म्हणजे मी चादर लावून वीस वेळा ट्रान्झिस्टरची ट्रान्झिस्टरशी तुलना केली आणि निष्कर्ष लिहिला. नीट चालणारा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरात मी कळत्या वयात ऐकलेला नाही. शेठच्या अहंकाराबद्दल मी जे बोलले ते खरे असेलही, पण ते बोलणारी कोण होती, हे या कागदावर असावे.

तळाच्या पत्र्याला आतून एक घडी केलेला कागद चिकटवलेला होता. अब्बांच्या उर्दू अक्षरात नावे आणि गावे. एकेचाळीस. वर एकच शब्द: "बदले", म्हणजे आतले काम बदललेले. सगळ्यात शेवटी, बेचाळिसावे: "घर का", म्हणजे हाच.

कलम सात. मसुद्यातले कलम नऊ, आणि अतिकचे म्हणणे.

निळ्या शाईच्या मसुद्यात नवव्या कलमात मी लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर साधनाने या एकेचाळीस घरी जाऊन खरे काय ते सांगावे. तोपर्यंत ही गोष्ट बंद पाकिटात राहावी. हे कलम मला फार उदात्त वाटले होते. लिहिताना मला रडूही आले.

मसुदा टेबलावर राहिला आणि अतिकने वाचला.

"हे नववं काय हाय?" तो म्हणाला.

"तू दुसऱ्याचे कागद वाचतोस?"

"मी धाव्वीत नापास झालो, आंधळा न्हाई झालो. तू मेल्यावर साधनाताई टेंभुर्णीहून निघणार, हसनाबादला जाणार, घरोघर कडी वाजवणार. ती मैतरीण हाय का पोस्टमन?"

"अब्बांची इज्जत आहे, अतिक. अम्मी आहे अजून."

"तवर तू काय करणार? चाचा शेठला विकून राह्यलाय, बघत बसणार. मंग साठ वर्षांनी खरं बोलणार. कबरीतून. वा रे ग्रॅज्युएट."

मला राग आला. मी म्हणाले, "तुला काय माहीत अब्बांनी काय केलं ते? तू तर बॉक्स उचलण्यापलीकडे कधी..."

"ते सांधे कोणी मारले?"

मी ॲम्प्लिफायरकडे पाहिले.

"अब्बाला जवळचं दिसंना झाल्तं. चष्म्याची लाज वाटायची. गिऱ्हाइकाला वाटंल मिस्त्री गेला कामातून. बेचाळीसच्या बेचाळीस मी बसून केले. करपलेले दोन तू बघितलेच असशील, तुझी नजर तिथंच जाती."

त्याने मग जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण अब्बांची बाजू मांडणारे दुसरे कोणी हजर नाही. "व्हॉल्व्ह मिळायचे बंद झाले. पहिले पहिले अब्बा खरं सांगायचे. 'आता ट्रान्झिस्टर टाकावं लागंल, वाजंल चांगला.' गिऱ्हाईक उचलून घेऊन जायचं. मंग दिवे ठेवले. तर म्हणायचे, 'मिस्त्री, बटन दाबलं की एवढ्या जल्दी कसा वाजला? काय तरी घोळ केला तुमी.' मंग रिले टाकला. मंग सगळे खूश. 'हां, आता कसा बराबर, पयल्यासारखा!' अब्बा त्या दिवशी जेवले न्हाईत. तू पाचवीच्या अभ्यासाला बसल्ती."

"मग मी परीक्षा घेतली तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला कोणी इचारलं? तू चादर लावून साहेब झाल्ती. मी म्हणलं, चालू दे."

"तुझे नऊ बरोबर आले होते."

"मी खिशात नाणं उडवत होतो."

मी त्याला कधीही काहीही विचारलेले नव्हते, हे खरे आहे. दहावी नापास माणसाकडे ॲम्प्लिफायरविषयी माहिती असेल असे मला वाटले नव्हते, आणि हे मी अशा घरात बसून समजत होते जिथल्या मिस्त्रीने शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. दोन्ही पंथांना मी हसले. मी तिसऱ्या पंथाची होते आणि तो सगळ्यात वाईट.

अम्मीला आम्ही दोघांनी मिळून सांगितले. तिने तांदळाचे सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "चालीस बरस का नाम है तेरे बाप का. एक कागद पे डुबाती?" मी म्हणाले, लोकांना आपल्या घरात काय आहे ते कळायला नको का? ती म्हणाली, "बजता ना? बजता तो और क्या होना उनकू? मरे सो आदमी से हिसाब लेती क्या तू?"

अम्मी चूक आहे असे मी लिहू शकत नाही. एवढेच लिहिते की अब्बांनी पहिल्यांदा खरेच सांगितले होते. लोकांनी ते परत पाठवले. ते पुन्हा एकदा सांगून पाहायला हरकत नसावी, असे मला वाटले.

कलम आठ. शुक्रवार, सतरा जानेवारी.

नमाजनंतर चाचा राधेश्याम शेठना गाडीतून घेऊन आले. गुंडाळून न्यायला नवी रजई आणली होती. चाचांची हकीकत चालूच होती. "शेठ, हा निजामाच्या जमान्यातल्या थेटरातला. माझ्या भाईनं जिवापाड सांभाळला."

ॲम्प्लिफायर टेबलावर होता. मी तो बंद केला, थंड होऊ दिला, व्हॉल्व्ह एकेक काढून ठेवले, मग यंत्र उलटे केले आणि तळाचा पत्रा काढला. शेठनी चष्मा लावला आणि वाकून पाहिले. त्यांना त्यातले थोडे कळते, हे मान्य करते.

"हे काय हाय?"

"ट्रान्झिस्टर."

"म्हणजे आत्ता रिपेरीत बदलला?"

"पंधरा वर्षांपूर्वी. तुम्ही ठुमरी ऐकलीत तेव्हा हाच होता. हा रिले, अर्धा मिनिट थांबायला."

शेठ खुर्चीवर बसले. चेहरा पाहून मला जो आनंद होईल असे दोन वर्षे वाटत होते, तो झाला नाही. ते म्हणाले, "मग मी रडलो कशाला?"

स्वयंपाकघराच्या पडद्यामागून अम्मी म्हणाली, "गाना अच्छा था, रोये. और क्या!"

अतिकने तोंड फिरवले, ते हसण्यासाठी असावे. शेठ उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले. "वरचे व्हॉल्व्ह तरी खरे हायेत ना? तेवढे द्या. काचेच्या कपाटात ठेवतो." मी नाही म्हणाले. शेठविषयी मनात आलेली कणव तिथे संपली. वही त्यांनाच द्यायची, हे कलम पाचमधले म्हणणे कायम.

चाचा शपथा घेत होते. "शेठ, मला म्हाईतच नव्हतं!" हे खरे असावे. ज्या वस्तूंची ते एवढी वर्णने करतात त्या त्यांनी कधी उघडल्या असतील असे वाटत नाही. जिना उतरताना ते अम्मीला ऐकू जाईल असे बोलले, "भाईजाननं पोरीला शिकवलं, हीच चूक झाली." ही चूक अब्बांनी पूर्ण शुद्धीवर, सलग पंधरा वर्षे फी भरून केली. पावत्या माझ्याकडे आहेत. त्या चाचांना द्याव्यात, खोक्यात घालून.

कलम नऊ. अब्बांचा ॲम्प्लिफायर कोणाला.

मृत्युपत्राने नाही. अतिक वारस आहे, त्याला मृत्युपत्राने वेगळे देता येत नाही. पण आमच्यात हिबा आहे: जिवंतपणी देणाऱ्याने दिले म्हणावे, घेणाऱ्याने घेतले म्हणावे आणि वस्तू हातात जावी. शेठची गाडी गल्लीतून वळल्यावर मी अतिकला म्हणाले, "हा मी तुला दिला." तो म्हणाला, "मी काय करू त्याचं? पन्नास वॅट. माझ्या टेम्पोचा हॉर्न मोठा हाय." मी म्हणाले, घेतला म्हण. तो म्हणाला, "घेतला." मी उचलून त्याच्या हातात दिला. वजन अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, तो रिकामा ट्रान्सफॉर्मर आत आहेच. अतिकने तो आपल्या खोलीत नेला. वरातीत वाजवू नकोस अशी अट मला घालायची होती, पण हिब्याला अट चालत नाही. कायद्यात ही उणीव आहे.

म्हणून ही वस्तू आता माझ्या मालमत्तेत नाही. तिच्यावर माझ्या मृत्यूनंतर कोणी हक्क सांगू नये.

कलम दहा. एकेचाळीस घरे.

शुक्रवारी दुपारपासून शनिवारी सकाळपर्यंत मी एकेचाळीस पत्रे हाताने लिहिली. मजकूर सगळीकडे एकच:

"आपल्याकडील ॲम्प्लिफायर माझे वडील मरहूम अजमत शेख यांनी दुरुस्त केला तेव्हा व्हॉल्व्ह मिळत नव्हते. त्यांनी आत ट्रान्झिस्टर बसवले. वरचे दिवे फक्त पेटतात. आवाज उशिरा यावा म्हणून आत रिले आहे. हे आपणास सांगितले नव्हते. आपण यंत्र आणल्यास उघडून दाखवू. खरे व्हॉल्व्ह हवे असल्यास शोधून बसवून देऊ. रिले नको असल्यास काढून देऊ, मग बटण दाबताच वाजेल. कामाचे पैसे घेणार नाही. काहीच करायचे नसेल तर आहे तसा चांगला आहे. आणखी वीस वर्षे वाजेल."

खाली मी सही केली. अतिक शेजारी बसून पाकिटांवर गावे लिहीत होता. एक पत्र वाचून म्हणाला, "अब्बांनी बसवले लिहिलंस, हात कोणाचा व्हता? जागा सोड." आणि प्रत्येक पत्रावर माझ्या सहीखाली "काम करणार: अतिक अजमत शेख" असे लिहिले. त्याचे अक्षर त्याच्या सांध्यांसारखेच आहे. एकेचाळीस वेळा लिहिताना ते सुधारले नाही.

याचा परिणाम काय होईल ते मला माहीत नाही. कदाचित कोणी येणार नाही. कदाचित लोक दुकानासमोर येऊन अब्बांना शिव्या देतील, आणि मग त्या मलाच ऐकाव्या लागतील, साधनाला नाही. अम्मी शुक्रवारपासून माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते, पण ताट माझ्यापर्यंत सरकवत नाही, मी उठून घेते. हे किती दिवस चालेल याची मला भीती वाटते. तरी या कलमात माझ्या मृत्यूनंतर कोणी करावे असे काहीही शिल्लक ठेवलेले नाही. शनिवारी बारा वाजता मी अंबडच्या टपाल कार्यालयात गेले. पत्रे पेटीत टाकली नाहीत. खिडकीवर दिली, आणि एकेचाळीसही पत्रांवर शिक्का बसेपर्यंत तिथेच उभी राहिले.

ठिकाण: अंबड, जिल्हा जालना
दिनांक: २० जानेवारी २०२५

लिहिणार व सही करणार: अफ्रीन अजमत शेख

आम्ही दोघांनी अफ्रीनला हा कागद पूर्ण वाचताना ऐकले व तिने आमच्यासमोर सही केली:

१. भुजंग तुकाराम खरात, सायकल दुकान, अजमत मिस्त्रींच्या शेजारी, अंबड
२. दैवशाला उत्तम जिगे, परिचारिका, अंबड